सगुणाबाईची सांधणी

फार वर्षांपूर्वी रेवाळ्याच्या नदीला बारा महिने पाणी असायचं आणि गावात घराघरात माग खडखडायचा. तेव्हा सगुणाबाई नावाची एक बाई इथं राहायची. तिचा स्वतःचा माग नव्हता. मागावरचा ताणा, म्हणजे उभे धागे, संपत आला की नव्या ताण्याचा एकेक धागा जुन्या धाग्याला जोडावा लागतो. त्याला सांधणी म्हणतात. ते काम सगुणाबाईचं. कमरेला पानाची चंची, चंचीत बोटभर सुरी, आणि ती या घरून त्या घरी सांधत हिंडायची.

असं म्हणतात की तिच्या बोटांना डोळे होते. तिनं सांधलेली गाठ विणणाऱ्यालाही सापडायची नाही. चिमणीचा मोडलेला पाय तिनं रेशमानं बांधला, तर ती चिमणी पुढं म्हातारी होऊन मेली. एकदा पाऊस उघडला आणि इंद्रधनुष्य मधेच तुटलेलं दिसलं, तेव्हा पोरं तिलाच बोलवायला धावली. ती म्हणाली, "शिडी आणा." गावातली सगळ्यात उंच शिडी आणली, पण ती पुरली नाही, म्हणून ते काम राहिलं. असं म्हणतात, आणि सगळं गाव खोटं कशाला बोलेल?

पण तिचं नाव राहिलं ते इंद्रधनुष्यामुळं नाही. ते राहिलं एका मांजराच्या पिल्लामुळं.

गावात खंडू नावाचा एक तरणा विणकर होता. अंगानं दांडगा, डोक्यानं तापट. हात आधी चालायचा, विचार मागून यायचा. आईबाप लहानपणीच गेले, आणि मोठ्या बहिणीनं, चिमानं, त्याला वाढवलं. चिमानं त्याला भरवलं, चिमानंच मागावर बसायला शिकवलं. श्रावण सरता सरता चिमाला ताप आला आणि त्या तापातच ती गेली. मागावर तिची कुसुंबी साडी अर्धी विणलेली राहिली.

खंडूनं सगळ्यांना बजावलं, "मागाला कुणी हात लावायचा नाही. झाडायचंसुद्धा नाही." धाग्याची टोकं लोंबत राहिली, तुकडे जमिनीवर पडून राहिले, आणि खंडू त्यांच्याकडं बघत बसून राहिला. भाकरी पुढं आली तर ती तशीच वाळायची.

घरात अजून एक जीव होता. खळ दिलेल्या सुताला उंदीर लागतात, म्हणून तेव्हा विणकराच्या घरी मांजर असायचंच. चिमानं एक आईवेगळं पिल्लू कापसाच्या वातीनं दूध पाजून वाढवलं होतं. ते मागाखालून इकडून तिकडं, तिकडून इकडं मागावरच्या धोट्यासारखं पळायचं, म्हणून तिनं त्याचं नाव धोटी ठेवलं होतं. चिमा गेल्यावर धोटी मागाच्या खड्ड्यातच राहायची, चिमा जिथं पाय सोडून बसायची तिथं.

आणि एक दिवस धोटीनं खाणं सोडलं. पाठ धनुष्यासारखी वाकवून ती बसायची, तोंडातून लाळ गळायची. पोटात काही नसताना ओकायची. हाडं वर आली.

गावाला औषध विचारावं लागत नाही, ते आपण होऊन चालत येतं. भागूआत्या म्हणाली, "दृष्ट लागली. मिरच्या ओवाळा." ओवाळल्या. धोटी होती तिथंच राहिली, ठसका लागून भागूआत्याच बाहेर पळाली. गणबा तेली म्हणाला, "जंत झालेत." त्यानं वावडिंग वाटून दिलं. धोटीनं ते त्याच्याच धोतरावर ओकलं.

मग भागूआत्या हळूच म्हणाली, "खंडबा, उगा तिला छळू नको लेका. ती चिमाच्या वाटंनं निघालीय. दुःख आहे ते. त्याला औषध नसतं."

हे सगळ्यांना पटलं. खंडूला तर फारच पटलं, कारण त्याच्या घशाखालीही घास उतरत नव्हता. धोटी गेली असती तर चिमाच्या हातून वाढलेलं एकही मांजर-माणूस घरात धड उरलं नसतं. त्यानं धोटीला मांडीवर घेतलं आणि दार लोटून घेतलं.

ते दार सगुणाबाईनं दुपारी ढकललं.

"बाहेर हो," खंडू म्हणाला. "इथं सांधायला काही नाही."

"मी मांजराला बघायला आलेय, तुला नाही. तुझं तोंड बघून कोण येईल? सरक."

ती धोटीसमोर बसली. जवळ दुधाची वाटी ठेवली. दुपार कलली तरी नुसती बघत राहिली. खंडूनं विचारलं, "काय झालंय हिला?"

"मला कळत नाही."

"मग बसलीस कशाला?"

"कळेपर्यंत."

तेवढ्यात धोटी उठली. लडखडत वाटीपाशी गेली. दुधाचा वास घेतला, जीभ लावायला गेली, आणि मान झटकून मागं सरली. परत पुढं गेली, परत मागं सरली.

सगुणाबाई सरळ बसली. "खंडबा, तू दिवसात किती वेळा भाकरीपाशी जातोस?"

"जात नाही. मन होत नाही."

"बघ. दुःख असंच असतं, ते ताटापर्यंत जाऊच देत नाही. ही जातेय. हिला भूक आहे, हिला जगायचंय. काहीतरी हिला धरून ठेवतंय."

तिनं धोटीच्या पोटावरून बोटं फिरवली आणि डोळे मिटले. मग कमरेची चंची काढून तिचा बंद ओढला. तोंडाशी कापडाच्या चुण्या पडल्या. "हात लाव. आता हिच्या पोटाला लाव. तशाच चुण्या आहेत की नाहीत? आत दोरा आहे. आणि दोरा ओढला जातोय, म्हणजे त्याचं एक टोक कुठंतरी अडकलेलं आहे."

तिनं धोटीचा जबडा उघडला. वरून काहीच दिसेना. मग तिनं हनुवटीखालून अंगठ्यानं जीभ उचलली. जिभेच्या मुळाशी एक बारीक धागा गुंडाळलेला होता, मांसात रुतलेला. त्याचं दुसरं टोक घशात उतरलं होतं. धागा कुसुंबी होता.

खंडूनं तो बघितला मात्र, त्याचा हात गेलाच. विणकराचाच हात तो, धागा दिसला की ओढणार. सगुणाबाईनं त्याच्या हातावर फाडकन चापट मारली.

"ओढू नको! ओढलास तर आतडं चिरत येईल. मारशील तिला."

तिनं सुरी काढली. तशी खंडूनं तिचं मनगट धरलं. "कापू नको. ताईच्या हातचा आहे. शेवटचा आहे."

सगुणाबाईनं मनगट सोडवून घेतलं नाही. असं म्हणतात की त्या वेळी गावातले सगळे माग थांबले, आणि तिचं बोलणं शेवटच्या घरापर्यंत ऐकू गेलं.

"लेका, कापलेला धागा सांधता येतो. ओढून तुटलेलं काही सांधता येत नाही. सोड."

खंडूनं हात सोडला. टच् करून धागा कापला. जिभेखालचा तुकडा तिच्या बोटात आला. आतला धागा मोकळा झाला, तो कोमट तुपाच्या घोटांनी आपल्या वाटेनं गेला. कसा गेला ते मला विचारू नका, धोटीला विचारा. एका सकाळी खंडू उठला तर वाटी चाटूनपुसून लख्ख होती आणि धोटी त्याच्या वाळलेल्या भाकरीवर बसून तिला कुरतडत होती. खंडूनं उरलेली अर्धी स्वतः खाल्ली.

मग सगुणाबाई चिमाच्या मागावर बसली. तिनं लोंबती टोकं कापली, जमिनीवरचे तुकडे वेचून अरुंद तोंडाच्या मडक्यात टाकले. धोटीच्या तोंडातला तुकडा हळदीच्या पाण्यात धुतला आणि चिमाच्या साडीत सांधला. उरलेली साडी खंडूनं विणली. असं म्हणतात की ती साडी अजून विणकरांच्या चौंडेश्वरीच्या देवळात आहे. तिच्यातली गाठ कुणालाच सापडत नाही, फक्त ज्याचं माणूस गेलंय त्याच्याच बोटाला लागते.

सगुणाबाई गेली तेव्हा तिच्या दारापासून नदीपर्यंत दोन्ही बाजूंना गावातली मांजरं ओळीनं बसली होती. एरवी मांजर आडवं गेलं म्हणून माणसं थांबतात. त्या दिवशी माणसं जात होती आणि मांजरं थांबली होती. एकही आडवं गेलं नाही.

आजही रेवाळ्यात दिवेलागणीआधी मागाखालचे धागे वेचून मडक्यात टाकतात. त्याला सगुणाबाईचं मडकं म्हणतात. आणि कुणाच्या घरचं माणूस मागावर काम अर्धं टाकून गेलं, तर शेजारच्या बायका सुरी आणि दुधाची वाटी घेऊन येतात. लोंबते धागे कापतात, एक धागा सांधतात, आणि मागं राहिलेल्याला एवढंच म्हणतात, "ओढू नको."

ही गोष्ट मला माझ्या ताईनं सांगितली. शिडीपाशी आली की ती हसायची आणि हसू थांबेपर्यंत पुढचं तिला सांगताच यायचं नाही. यंदा त्या बायका आमच्या घरी आल्या. ताईच्या मागावर सुरी लागली तेव्हा मी हात धरायला धावलो, तर एका म्हातारीनं माझ्या हातावर चापट मारली. मग तिनं धागा सांधला, दुधाची वाटी मागाच्या खड्ड्यात ठेवली, आणि त्या गेल्या.

आमच्या घरी मांजर नाही. दिवा लावायला मी आत गेलो, तर वाटी रिकामी होती. चाटूनपुसून लख्ख.