बापाची दोरी

फार पूर्वी वेत्रनगरात अजितसेन नावाचा राजा राज्य करीत होता. त्या काळी बोधिसत्त्व नगरामागच्या डोंगरात सांबराच्या कुळात जन्माला आले होते आणि एका कळपाचे पुढारी होऊन राहत होते. डोंगराच्या पायथ्याशी शिकाऱ्यांची वस्ती होती. तिथे मल्लक नावाचा शिकारी राहत असे.

त्या वस्तीची एक रीत होती. मुलगा पहिल्यांदा धनुष्य घेऊन रानात निघाला, की वस्तीचा नाईक त्याच्या कमरेला एक दोरी बांधी. बापाने आयुष्यात मारलेल्या सर्वांत मोठ्या सांबराचे शिंग जेवढे लांब, तेवढीच ती दोरी. तिला बापाची दोरी म्हणत. मुलाने तिच्या मापाचे शिंग आणले, की फाल्गुनातल्या पौर्णिमेला चावडीवर सर्वांदेखत ती सोडली जाई. प्रत्येकाचे सर्वांत मोठे शिंग, दोरीएवढे असो वा नसो, चावडीच्या खांबाला लागे; पण ज्याची दोरी सुटे, तोच पहिल्या रांगेत बसू लागे. केस पिकू लागले तरी दोरी कमरेलाच राहिली, तर मात्र धनुष्य नाइकाच्या स्वाधीन करायचे आणि हाकाऱ्यांत जायचे. हाकारे म्हणजे ढोल आणि थाळ्या बडवून जनावर दुसऱ्याच्या बाणापुढे आणणारी माणसे. ते पूर्वी शिकारीच होते. चावडीवर ते मागे, खांबाच्या आडोशाला बसत आणि दोरी उपरण्याखाली झाकून ठेवत.

मल्लकाचा बाप वेणुक हा मोठा नावाजलेला शिकारी. साहजिकच मल्लकाची दोरी वस्तीत सर्वांत लांब होती. नेमाच्या बाबतीत तो बापाहून कमी नव्हता. वाऱ्यावर हलणारे बेलफळ तो देठावर छेदून खाली पाडी. पण नेमाला माप नव्हते. माप होते ते शिंगाला.

एके दिवशी सकाळी अंगणात त्याची बायको पुन्ना त्याच्या डोक्यातले पांढरे केस शोधत होती.

"हलू नका. आणखी एक सापडला."

"उपट."

"उपटते हो. पण असंच चाललं तर वर्षभरात टक्कल पडेल. मग नाईक म्हणतील, हा गडी पिकायच्या आधीच झडला." तिने केस फुंकरीने उडवून दिला. "काल काही दिसलं का?"

"दोन नर दिसले. लहान होते."

"लहान म्हणजे?"

"दोरीला हातभर कमी."

"अहो, मडक्यात मांस शिजतं, शिंग नाही. लहान शिंगाचा नर कडू लागतो का? महिना झाला, कंद उकडून खातोय आपण."

मल्लक धनुष्य घेऊन उठला. लहान नर मारून आणला, तर लोक म्हणतील की वेणुकाच्या मुलाने आशा सोडली. त्यापेक्षा मोकळ्या हाताने परतणे त्याला बरे वाटे. मोकळ्या हातात निदान उद्याची शक्यता असे.

वाटेत सोमिल भेटला. सोमिलाचा बाप आळशी माणूस. त्याने जन्मात एकच सांबर मारले होते आणि तेही लंगडे. त्यामुळे सोमिलाची दोरी एवढीशी होती, ती पहिल्याच वर्षी सुटली. तेव्हापासून तो पहिल्या रांगेत मांडी घालून बसे.

"काय मल्लकदादा," सोमिल म्हणाला, "मचाणावर घरटं बांधलंस म्हणे. अंडी कधी घालतोस?"

"घालीन तेव्हा तुला उबवायला बोलावतो," मल्लक म्हणाला आणि पुढे चालू लागला. पण ते बोलणे दिवसभर त्याच्या मनात कुसळासारखे रुतून राहिले. पौर्णिमा उद्यावर आली होती. नाइकाने निरोप धाडला होता की यंदाची वेळ शेवटची. बाप ज्या धनुष्याने शिकार करी, ते धनुष्य उद्या आपल्या हातून जाणार, हा विचार त्याच्या डोक्यातून जात नव्हता.

डोंगरात काळ्या डोहाच्या काठी एक पळस होता. त्याच पळसावर वेणुकाचे मचाण असे आणि आता मल्लकाचे होते. पळस फुलला होता. फांद्यांवर मैना भांडत होत्या आणि त्यांच्या गोंधळात फुले टपटप डोहात पडत होती. दुपार कलली तेव्हा दोन माद्या पाण्यावर येऊन गेल्या. मागून एक तरणा नर आला. मल्लकाने त्याच्या शिंगांकडे पाहिले आणि बाण भात्यातच राहू दिला.

मग बांबूच्या बेटातून एक सांबर बाहेर आले. एवढा मोठा नर मल्लकाने उभ्या आयुष्यात पाहिला नव्हता. मानेवरची आयाळ चिखलाने माखलेली आणि मस्तकावर सुकलेल्या झाडासारखी शिंगे. मल्लकाने श्वास रोखला आणि प्रत्यंचा कानापर्यंत ओढली.

सांबराने मान वर केली आणि सरळ त्याच्याकडे पाहिले.

"व्याधा," ते म्हणाले, "बाण सोडण्याआधी माप घे."

मल्लकाने धनुष्य मचाणावर ठेवले, कमरेची दोरी सोडली आणि तो खाली उतरला. सांबराने गुडघे टेकून मस्तक त्याच्यापुढे धरले. मल्लकाने शिंगाच्या मुळाशी दोरीचे एक टोक दाबले आणि वळणावळणाने ती वर नेली. शिंग संपले, तेव्हा चार बोटे दोरी उरली. त्याने दुसरे शिंग मोजले. तिथेही तेवढीच उरली. मग त्याने कुणी पाहत नाही ना, अशा बेताने दोरी सैल धरली आणि पुन्हा मोजले. तरीही ती उरलीच.

त्याने दोरी आवरली.

"तुझ्याहून मोठा नर कुठे आहे?"

"या डोंगरात नाही. मी सगळा डोंगर फिरलो आहे."

"माझ्या बाबांना मिळाला होता. इथेच, या डोहावर."

"मिळाला होता. तो माझा आजा," सांबर म्हणाले. त्याच्या आवाजात राग नव्हता. "तुमच्या वस्तीला दर वर्षी सर्वांत मोठ्या शिंगाचा नर हवा असतो. जो मोठा, तो आधी जातो. बारीक शिंगांचे मागे राहतात आणि पुढच्या पाडसांचे बाप तेच होतात. मग मोठं शिंग यायचं कुठून? तुझ्या बापाने जे शिंग तुला माप म्हणून दिलं, तेच त्याने तुझ्या रानातून काढून नेलं. त्यालाही बोल लावू नकोस. त्याच्याही कमरेला कुणीतरी दोरी बांधली होती."

मल्लकाने हातातल्या दोरीकडे पाहिले. बाप गेल्यापासून दर पौर्णिमेला आपण मान खाली घालून बसलो. आपला हात उणा, डोळा उणा, नशीब उणे असे मानत आलो. आणि जे शोधत होतो, ते या डोंगरात नव्हतेच.

पण मन लगेच सरळ होत नाही. त्याला वाटले, चार बोटेच तर कमी आहेत. असा नर अलीकडे कुणी आणला आहे? नाईक विरघळेल. धनुष्य राहील. सोमिलाचे तोंड बंद होईल. त्याची नजर मचाणाकडे गेली आणि ते सांबराने पाहिले.

"धनुष्य वर आहे," सांबर म्हणाले. "तू चढून जाईपर्यंत मी बेटापलीकडे पोचलेला असेन. पण मी जाणार नाही. मी पळालो तर तुला वाटेल, थोडक्यात हुकलं. पुन्हा स्वतःला दोष देशील, आणि पुन्हा माझ्यामागे, नाहीतर माझ्या पाडसांमागे येशील. गेले कित्येक दिवस तू आमच्यातल्या लहानांना सोडून देतो आहेस. ते दयेने नव्हे, हे मला ठाऊक आहे. तरी ते जिवंत आहेत, आणि तू मात्र रोज इथून रडवेला होऊन जातोस. ते पाहवलं नाही, म्हणून आलो. वर जा. जे ठरवायचं ते मला समोर ठेवून ठरव."

मल्लक वर गेला. त्याने धनुष्य उचलले, बाण लावला आणि प्रत्यंचा ओढली. सांबर उघड्यावर उभे होते. एक माशी कानावर बसली, ती त्याने कान झटकून उडवली. हा बाण चुकणार नव्हता. मल्लकाला दिसले की हे शिंग उद्या चावडीच्या खांबाला लागेल आणि मग आपल्याला पोर झाले की त्याच्या कमरेला याच शिंगाच्या मापाची दोरी बांधली जाईल. ते पोर या मचाणावर बसून केस पिकेपर्यंत वाट पाहील. त्या वेळी डोंगरात एवढेही शिंग उरलेले नसेल.

त्याने प्रत्यंचा हळूच सैल केली.

सांबराने पळसाच्या खोडाला मस्तक घासले. फांदी मोडावी तसा आवाज झाला आणि एक शिंग मुळाशी सुटून गवतात पडले.

"आज ना उद्या झडणारच होतं," सांबर म्हणाले. "दर वर्षी झडतं आणि साळिंदरं कुरतडून खातात. यंदाचं तू ने." एवढे बोलून ते बांबूच्या बेटात शिरले.

दुसऱ्या दिवशी सगळी वस्ती चावडीवर जमली. उग्रक नाईक मध्ये बसले होते. मल्लकाने शिंग पुढे ठेवताच सोमिलाने ते उलटून बुंधा पाहिला. मारलेल्या सांबराच्या शिंगाला कवटीचे हाड असते. याचा बुंधा गुळगुळीत होता.

"अरे, हे तर झडलेलं!" सोमिल ओरडला. "दादाने शेण वेचावं तसं वेचून आणलंय!"

चावडी हसली. पुन्ना बायकांच्या घोळक्यात उभी होती. तिने पदर तोंडाला लावला.

"वेचूनच आणलंय," मल्लक म्हणाला. "नाईक, ज्याचं हे शिंग, तो या डोंगरातला सर्वांत मोठा नर. मी त्याला हाताने मोजलाय. आणि हे बघा." त्याने दोरी शिंगाला लावली. चार बोटे दोरी लोंबत राहिली. "आता खांबांकडे बघा. आज्यांच्या काळची शिंगं त्या पहिल्या खांबाला आहेत. बापांची दुसऱ्या. आमची या तिसऱ्या. रोज इथे बसतो आपण. काय दिसतं?"

सर्वांनी वर पाहिले. तीन खांबांवरची शिंगे जिन्याच्या पायऱ्यांसारखी उतरत आली होती. ती रोज डोळ्यांपुढे होती. पण आजवर प्रत्येकाने त्यांत आपापलाच कमीपणा पाहिला होता.

"आपण दर वर्षी सर्वांत मोठा नर निवडून मारला," मल्लक म्हणाला. "बारीक शिंगांच्या नरांना रान राखायला ठेवलं. म्हणून हाकारे वाढत गेले आणि शिकारी घटत गेले. आमचे हात नाही घटले."

मग खांबाच्या आडून तिंबरू नावाचा म्हातारा हाकारा उठला. त्याची दोरी उपरण्याखालून लोंबत होती आणि ती झाकायचे त्याला भान नव्हते.

"म्हणजे," तो म्हणाला, "म्हणजे मी नालायक नव्हतो?"

"नव्हतास, काका."

तिंबरू खाली बसला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून रडू लागला. त्याच्या शेजारच्या हाकाऱ्याने त्याच्या पाठीवर हात ठेवला. मग त्यालाही रडू आले.

"हे सगळं ठीक आहे," सोमिल म्हणाला. "पण मग मारायचं काय? आणि खायचं काय?"

"मध आहे, मासे आहेत, नाचणी आहे," पुन्ना मागून म्हणाली. "आमच्या घरी महिनाभर कंद खाऊन कुणी मेलं नाही. तू ये जेवायला, दाखवते."

आता चावडी पुन्हा हसली, पण या वेळी सोमिलाला.

मल्लकाने बापाचे धनुष्य उचलले आणि कुणी मागण्याआधीच नाइकांच्या पायांशी ठेवले. "रीत आहे, ती मोडत नाही," तो म्हणाला. "हाकारा व्हायला तयार आहे. पण त्या कळपावर हाका घालणार नाही."

उग्रक नाईक कितीतरी वेळ खांबांकडे पाहत होते. शेवटी ते उठले आणि स्वतःच्या हाताने त्यांनी तिंबरूच्या कमरेची दोरी सोडली. मग दुसऱ्याची. मग तिसऱ्याची. मल्लकाची दोरी त्याच्या हातातच होती. ती घेऊन त्यांनी धनुष्याला गुंडाळली आणि दोन्ही त्याला परत दिली.

"हाकारा नको होऊस," ते म्हणाले. "डोहाच्या वरचं रान राख. तिथे कुणी बाण चालवणार नाही. आजपासून चावडीला लागेल ते झडलेलंच शिंग. आणि कुणाच्या कमरेला दोरी नको."

सगळ्यांना ते एकदम पटले असे नाही. काहीजण कुरकुरले, सोमिल तर दोन वर्षे चावडीवर आला नाही. पण रान राखले गेले. कळप वाढला. मोठे नर म्हातारे होईपर्यंत जगू लागले आणि त्यांच्या पाडसांची शिंगे वर्षागणिक ताठ आणि लांब होऊ लागली.

मल्लकाचे सगळे केस पांढरे झाले होते, आणि पुन्ना ते आता उपटत नव्हती. एका वसंतात त्याला काळ्या डोहाच्या काठी, त्याच पळसाखाली झडलेले एक शिंग सापडले. त्याने जुनी दोरी काढून शिंगाला लावली. या वेळी दोरी अपुरी पडली. तो हसला. शिंग चावडीवर न्यावे असे क्षणभर त्याच्या मनात आले. पण ते त्याने होते तिथेच गवतात ठेवले, कारण साळिंदरांनाही काहीतरी लागतेच. दोरीने त्याने वाटेत सापडलेल्या सरपणाची मोळी बांधली आणि तो घरी गेला.

ही कथा शास्त्यांनी, म्हणजे पुढे बुद्ध झालेल्या बोधिसत्त्वांनी, वप्पिल नावाच्या एका वृद्ध भिक्षूला सांगितली. वप्पिल मोठा विद्वान होता. पण आपले गुरू जसे ध्यानाला बसत, तसे आपल्याला जन्मभर साधले नाही, म्हणून तो झुरत असे. अलीकडे तर त्याने बसणेच सोडले होते. कथा संपवून शास्ते म्हणाले, "वप्पिला, त्या वेळचा मल्लक म्हणजे तूच. जी पुन्ना, ती तुला रोज भिक्षा वाढून दोन शब्द सुनावणारी उपासिका. जो सोमिल, तो तुझ्या बसण्याची नक्कल करणारा तुझा सोबती. जे उग्रक नाईक, ते या विहाराचे स्थविर. आणि ते सांबर मी होतो."

वप्पिल उठला, झाडाखाली गेला आणि त्याला जमत होते तसे, थोडा वेळ, बसला.

बाण रोखलेला असतानाही बोधिसत्त्व तिथून हलले नाहीत, कारण आपल्या प्राणांपेक्षा त्यांना समोरच्या माणसाचे दुःख मोठे वाटले. त्यांच्या या गुणाला करुणा म्हणतात.