दातात धरलेला दोर

एका नदीच्या काठी गेनू नावाचा एक नावाडी राहत असे. हात त्याचा पक्का होता आणि पाण्याची जाणही होती. चेहरा मात्र त्याच्या ताब्यात नव्हता. नदीला थोडी जरी ओढ आली की त्याच्या कपाळावर आठ्या पडत, ओठ घट्ट मिटत, डोळे बारीक होत. नावेत बसलेली माणसं पाण्याकडे पाहत नसत, गेनूच्या तोंडाकडे पाहत. ते आक्रसलं की तीही नावेची कड घट्ट धरत. गावातल्या चिमाआत्या तर त्याला तोंडावर सांगत, "गेन्या, तुझ्यापेक्षा नदी बरी दिसते रे."

गेनूला ते लागे. पण तो मनाशी म्हणे, आत भीती आहे म्हणून चेहरा असा होतो, त्याला मी काय करणार? त्याचं हे म्हणणं खरं होतं. निदान अर्धं तरी.

एका बाजाराच्या दिवशी दुपारनंतर माणसं पलीकडच्या गावाहून परत निघाली. नदीचा रंग बदलला होता. पाण्यावर काटक्या नि पाचोळा येत होता, म्हणजे वर डोंगरात पाऊस झाला होता. गेनू नाव सोडायला कचरू लागला. पण तुळसा नावाच्या बाईचं अंगावर पिणारं मूल घरी होतं. ती सरळ नावेत जाऊन बसली. मग बाकीचेही बसले. म्हादबा कुंभार विकायची राहिलेली मडकी घेऊन चढला. चिमाआत्या मधल्या फळीवर बसल्या. गेनूने एकच ताकीद दिली, की काही झालं तरी कोणी उठायचं नाही. भरलेली नाव पाण्याने बुडण्याआधी माणसांच्या उभं राहण्याने उलटते, हे त्याला ठाऊक होतं.

मध्यावर पाणी चढलं. गेनूच्या कपाळावर आठ्या आल्या. त्या पाहून समोरच्यांचे चेहरे पांढरे पडले. ते पाहून गेनूला वाटलं, आपल्या पाठीमागे यांना काहीतरी दिसतंय. त्याची छाती धडधडू लागली आणि आठ्या आणखी खोल गेल्या. नदी होती तेवढीच होती, पण नावेतली भीती या चेहऱ्यावरून त्या चेहऱ्यावर जाऊन वाढत चालली होती.

तेवढ्यात वल्हं खुंटीला बांधून ठेवणारा दोर तुटला. नाव आडवी फिरली. मडकी एकमेकांवर आपटली आणि म्हादबा अर्धा उठला. नाव एका अंगाला कलली, पाणी आत आलं. तुळसाने दोन्ही हातांनी फळी धरली.

गेनूने सुटतं वल्हं पकडलं. उरलेला दोर त्याने कसाबसा वल्ह्याभोवती आणि खुंटीभोवती गुंडाळला. पण गाठ मारायला हात मोकळा नव्हता. मग दोराचं टोक त्याने दातात धरलं आणि कचकन आवळलं. दोर ओला होता, चांगला जाड होता. तो दाढांपर्यंत नेताना तोंड या कानापासून त्या कानापर्यंत फाकलं, दात दिसू लागले, गाल वर चढले. गाल तसे चढल्यावर आठ्या काही टिकेनात.

"खाली बस, म्हादबा," चिमाआत्या म्हणाल्या. "गेन्या हसतोय."

"हसतोय?"

"डोळे फुटले का तुझे? जन्मात पहिल्यांदा हसतोय. तो हसतोय, आणि तुला मरायची घाई झालीय होय?"

म्हादबाने गेनूकडे पाहिलं आणि तो हळूच खाली बसला. नाव सावरली.

गेनूला सांगायचं होतं की हे हसू नव्हे. पण बोलायचं तर दोर सोडावा लागला असता. तो नाकाने श्वास घेत राहिला. आणि त्याला नंतरही नीट उमगलं नाही असं काहीतरी झालं. आधी कपाळ सैल झालं. मग मान. मग छातीतली धडधड उतरली. भीती गेली नव्हती, पण तिने आता डोळ्यांवरचा हात काढला होता. लाट कुठून येतेय ते त्याला दिसू लागलं. तुळसा त्याच्याकडे पाहून ओल्या डोळ्यांनी जराशी हसली, तेव्हा त्याच्या हातात आणखी बळ आलं.

इतक्यात वरून एक झाडाचं खोड वाहत आलं. थेट नावेच्या वाटेवर. सगळ्यांनी गेनूच्या तोंडाकडे पाहिलं. तोंड तसंच होतं. कोणी उठलं नाही. गेनूने वल्हं उलटं मारलं आणि नाव जागच्या जागी धरली. खोड नावेच्या टोकाला घासून निघून गेलं.

काठ लागताच तुळसा घराकडे धावली. म्हादबाने हात जोडले. म्हणाला, हसत हसत आणलंस बाबा. गेनूने तोंडातून दोर काढला. ओठाच्या कडेला रक्त आलं होतं.

"मी हसत नव्हतो," तो म्हणाला. "दातात दोर धरला होता."

हे ऐकून म्हादबा चिखलातच बसला. चिमाआत्या गेनूच्या समोर येऊन उभ्या राहिल्या.

"मग आम्हाला धीर कोणी दिला?"

गेनूने थोडा विचार केला. "तोंडानंच, आत्या. आधी मला दिला, मग तुम्हाला."

"मग ते तोंड उद्याही घेऊन ये," आत्या म्हणाल्या. "दोर घरी ठेव."

तात्पर्य: मनातली भीती चेहऱ्यावर येते, तसा चेहऱ्यावरचा धीरही मनात उतरतो, आपल्या आणि समोरच्याच्याही. चेहऱ्याने पूर ओसरत नाही हे खरं. पण संकटात आधी कपाळावरच्या आठ्या सोडाव्यात, म्हणजे हातांना आपलं काम सुचतं.