भद्रिकेच्या विहिरीतला नाग

पूर्वी चंपानगरीत अंगराजाचे राज्य असताना बोधिसत्त्व एका सार्थवाहाच्या कुळात जन्मला. गोमित्र त्याचे नाव. वयात आल्यावर तो बैलांचे तांडे घेऊन दूरदेशी व्यापार करी आणि पावसाळ्यापुरता घरी येई. मागे त्याची पत्नी भद्रिका घर सांभाळी. तांडा परतला की अंगणात गाडीवानांच्या पंगती बसत, गोठ्यात घंटा वाजत, आणि भद्रिकेला पाठ टेकायला फुरसत नसे. फार सुखाचे दिवस होते ते. पण सुखाच्या दिवसांत फुरसत नसते, म्हणून ते ओळखू येत नाहीत.

पुढे गोमित्र थकला. मुलगा दूर भरुकच्छ बंदरी स्थायिक झाला होता. त्याला मुलगा झाला आणि त्याने निरोप धाडला, "आता दोघेही इकडेच या." मार्गशीर्षात एक तांडा तिकडे निघणार होता. नातवाला मांडीवर घ्यायला गोमित्राचा जीव आसुसला होता. घर बंद ठेवले तर वाळवीचे होणार, म्हणून त्याने ते विकायचे ठरवले आणि त्या काळच्या रीतीप्रमाणे दाराच्या कडीला गवताची पेंडी बांधली.

घर पाहायला माणसे येऊ लागली. आलेल्या माणसाला उपाशी धाडायचे नाही हा भद्रिकेचा नेम, त्यामुळे प्रत्येकाला गुळाची खीर मिळे. ही वार्ता नगरात पसरायला कितीसा वेळ लागणार? ज्यांना घर सोडा, कोंबड्यांचे खुराडेही घ्यायचे नव्हते, तेही घर पाहू लागले. एकजण परसदार पाहायचे राहिले म्हणून दुसऱ्या दिवशी आला, आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा आला, माळा राहिला म्हणून. भद्रिका मात्र प्रसन्न होती. अंगणात पुन्हा पंगती बसत होत्या.

नवल असे, की खरे गिऱ्हाईक एकदा येई ते पुन्हा फिरकत नसे. शेवटी नगरातला धनाढ्य कालक श्रेष्ठी गोमित्राला बाजारात भेटला, तेव्हा कारण कळले.

"तुमच्या विहिरीत नाग आहे म्हणे," कालक म्हणाला. "भद्रिकाबाई येईल त्याला सांगतात. मला त्याचे काही नाही. मी घर पाडून कोठार बांधणार आहे. लोक देतील त्याच्या दुप्पट देतो, पण शब्द आत्ता द्या. बाईंना कशाला विचारायचे? घर तुमच्या नावावर आहे."

गोमित्राच्या डोळ्यांसमोर नातू आला. होय म्हटले असते तर सगळेच सुटले असते.

"घर माझ्या नावावर आहे, पण राहिली त्यात ती," तो म्हणाला. "तिने होय म्हटल्यावाचून मी शब्द देणार नाही."

"मग बसा नागाला दूध पाजत!" म्हणून कालक निघून गेला.

घरी येऊन गोमित्राने शांतपणे विचारले, "भद्रिके, आपल्या विहिरीत नाग कधी आला?"

ती म्हणाली, "तुम्ही पेंडी बांधलीत त्या दिवशी."

गोमित्राला हसू आले, पण तिच्या डोळ्यांत पाणी होते. "अहो, तुम्ही या घरातून किती वेळा निघालात, मोजता यायचे नाही. मी एकदाही निघाले नाही. तुम्हाला सवय आहे. मला निघायचे कसे ते ठाऊकच नाही."

गोमित्राने कडीची पेंडी सोडून बैलांपुढे टाकली. मार्गशीर्षात तांडा निघाला तेव्हा वेशीपर्यंत जाऊन त्याने तो जाताना पाहिला आणि मग घरी परतला. भद्रिकेला त्याने दोष दिला नाही, की उसासा टाकून ऐकवला नाही. रात्री मात्र त्याला झोप येत नसे.

थंडी सरत असताना एका तांबटाची बायको दाराशी आली. उत्तरा तिचे नाव. दिवस भरत आलेले होते. "आई, घर विकले का? पेंडी दिसत नाही."

"विकायचे नाही आता. पण आलीस तशी बैस, खीर खाऊन जा."

खीर खाता खाता उत्तराने घरावरून नजर फिरवली. छपराचे विचारले नाही, किमतीचे विचारले नाही. "तुम्ही बाळाला न्हाऊ घालून उन्हात कुठे निजवायचात हो?"

या प्रश्नाला भद्रिकेपाशी खोटे उत्तर नव्हते. ती उठली आणि उत्तराचा हात धरून तिला पूर्वेच्या ओसरीवर घेऊन गेली. मग पाळण्याचे कडे दाखवले. स्वयंपाकघरात एका जागी पाणी गळते, तिथे घागर ठेवावी लागते, हेही सांगितले. सगळे घर दाखवून होईतो ऊन अंगणातून उतरले होते.

"आणि विहिरीतला नाग?" उत्तराने भीत भीत विचारले.

"तो मीच, पोरी," भद्रिका म्हणाली, आणि तिला रडू कोसळले.

त्या रात्री तिने आपण होऊन नवऱ्याला विचारले, "पुढचा तांडा कधी निघतो हो?"

तांबटाला झेपेल तेवढ्याच किमतीत घर दिले गेले. उत्तराच्या मुलीला ओसरीवरच्या उन्हात निजवून भद्रिका निघाली. ती दोघे भरुकच्छला पोचली तेव्हा नातू चालू लागला होता. त्याचे रांगणे गोमित्राला पाहायला मिळाले नाही. याची हळहळ त्याला जन्मभर वाटली, पण ती त्याने कधी बोलून दाखवली नाही.

ही कथा भगवंत शास्त्यांनी जेतवनातल्या विहारात सांगितली. एका आजारी भिक्षूला उबदार कुटी द्यायची होती, आणि तीत राहणारा वृद्ध भिक्षू कुटी पाहायला येईल त्याला "आत विंचू आहेत" असे सांगत होता. शास्ते म्हणाले, "भिक्षूंनो, याने असे आजच केलेले नाही. त्या जन्मीची भद्रिका म्हणजे हा वृद्ध भिक्षू. उत्तरा म्हणजे दाराशी उभा असलेला हा आजारी भिक्षू. आणि गोमित्र मीच होतो."

वृद्ध भिक्षू खाली मान घालून हसला. मग त्याने आपली चटई गुंडाळली आणि आजाऱ्याला हाताला धरून आत नेले. "ऊन इकडून येते," तो म्हणाला.

आपला अधिकार चालत असतानाही दुसऱ्याचे मन तयार होईपर्यंत थांबणे, हीच क्षांती पारमिता, म्हणजे सहनशीलतेची पूर्णता.