नव्या मशीनचं पहिलं सँपल

“...आणि लघवीत अल्ब्युमिन दोन प्लस आलं, शिवाय रक्तही आलं, तर त्याचा अर्थ काय धरायचा, बाई?”

बाई पावट्याच्या शेंगा सोलत होत्या. मान वर न करता त्यांनी विचारलं,

“कुणाच्या लघवीत?”

“एक पेशंट आहे.”

“पुरुष की बाई?”

“त्यानं काय फरक...”

“बाई असेल तर पाळी चालू होती का, ते विचारलंस?”

“पुरुष आहे,” रणधीर घाईनं म्हणाला.

रणधीर म्हणजे माझा नवरा. डॉक्टर आहे. भोरला त्याचा दवाखाना आहे आणि दवाखान्यालाच लागून छोटी लॅब. गावात म्हणतात, पेशंट दारातून आत येईपर्यंत डॉक्टरांनी त्याचा रिपोर्ट वाचून औषध लिहिलेलं असतं. रणधीरला ही स्तुती वाटते. माझं अजून ठरायचंय. लग्न होऊन फार दिवस झालेले नाहीत.

बाई म्हणजे डॉक्टर नाडगौडा. कॉलेजात त्यांनी त्याला पॅथॉलॉजी शिकवली. आता निवृत्त होऊन नदीपलीकडे एकट्या राहतात. रणधीर जगात कुणाला घाबरत असेल तर बाईंना. ते त्यानं मला लग्नाआधीच सांगून ठेवलं होतं. एवढी एकच गोष्ट त्यानं स्वतःहून सांगितली होती.

त्यानं मशीनमधून निघालेली रिपोर्टची चिठ्ठी पुढे धरली. नावावर अंगठा होता.

बाईंनी चिठ्ठी घेतली नाही. अंगठ्याकडे पाहिलं.

“वय?”

“एकतीस.”

“ताप?”

“नाही.”

“जळजळ, पोटात कळ, पायावर सूज?”

“काहीच नाही. तब्येत ठणठणीत आहे. म्हणजे... वाटते.”

“कुणाला वाटते?”

रणधीरनं बाहीनं कपाळ पुसलं.

“पेशंटला बसायला सांग. मघापासून उभा आहे,” बाई म्हणाल्या. “घाम पुसायला काही देऊ का त्याला?”

रणधीर बसला. अंगठा आपोआप निघाला.

मी ओसरीच्या कडेला बसले होते. हातातला चुडा वाजू नये म्हणून हात मांडीवर दाबून धरले होते. आदल्या दिवसापासून घरात मला एवढंच काम होतं... आवाज न करणं. “आईला काही कळता कामा नये,” असं रणधीरनं बजावलं होतं.

त्याला कारण होतं. सासऱ्यांना मी फक्त फोटोत पाहिलंय, हार घातलेल्या. त्यांची मूत्रपिंडं गेली. शेवटची वर्षं डायलिसिसवर काढली. त्यांनाही आधी काही होत नव्हतं. कुठल्याशा तपासणीत लघवीत अल्ब्युमिन, म्हणजे प्रथिन, निघालं, तिथून सगळं सुरू झालं. रणधीर तेव्हा शाळेत होता. आई अजूनही पाण्याचा तांब्या भरताना मापानं भरतात... आता गरज नसताना.

“वडिलांचं आठवलं?” बाईंनी विचारलं. आवाज पहिल्यांदाच जरा खाली आला.

“ते कधी विसरलो नव्हतो, बाई.”

“हं.”

शेंगा सोलणं चालूच होतं.

“मी विचार करून ठेवलाय,” रणधीर म्हणाला. “दवाखाना कुणाला द्यायचा ते. शर्वरीचं अजून काही बिघडलेलं नाही. ती माहेरी...”

शर्वरी म्हणजे मी. माझ्याबद्दलचा हा विचार मी तिथेच पहिल्यांदा ऐकला. चुडा वाजला.

बाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

“तपासणी पुन्हा केलीस?”

“तीनदा केली. तिन्ही वेळा तेच आलं.”

“सँपल?”

“काय?”

“सँपल वेगळं घेतलंस का?”

“...तेच होतं.”

“मग तेच येणार, बाबा. आंबट ताक तीन वाट्यांत ओतलं म्हणून गोड लागत नाही.”

मला हसू आलं. मी ते खोकल्यात घालवलं.

“पण मुळात तू स्वतःची लघवी तपासलीस कशाला? काही होत नव्हतं म्हणतोस.”

रणधीरनं जमिनीकडे पाहत सांगितलं. लॅबमध्ये नवं मशीन आलं होतं. आईंनी सकाळी त्याची पूजा केली, हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला. पहिलं सँपल परक्याचं नको, घरच्याचं असावं, असं सगळ्यांचं म्हणणं पडलं. मुहूर्त म्हणून रणधीरनं स्वतःचं दिलं. सगळे पेढे खात असताना मशीननं चिठ्ठी बाहेर काढली. रणधीरनं ती वाचली, खिशात घातली आणि पेढा तोंडात तसाच ठेवून उभा राहिला.

“सँपलमध्ये हळदकुंकू पडलं नव्हतं ना?”

“बाई!”

“विचारते. मी काय काय पडलेलं पाहिलंय, तुला सांगून उपयोग नाही. एकीनं मधाच्या बाटलीत आणून दिली होती, घरात दुसरी बाटली नव्हती म्हणून. साखर बघून सगळं घर रडत होतं.”

“माझी बाटली स्वच्छ होती.”

“बरं. आदल्या दिवशी खाल्लं काय? बीट?”

“नाही.”

“अंगात ताकद यावी म्हणून डब्यातली पावडरबिवडर?”

“नाही.”

“दुखण्याच्या गोळ्या?”

“नाही.”

“व्यायाम?”

“मला कुठे वेळ असतो, बाई.”

“धावलास? ओझं उचललंस?”

“नाही.”

बाई थांबल्या. शेंग हातात तशीच राहिली. त्या माझ्याकडे वळल्या.

“हा खोटं बोलतोय, का याला खरंच माहीत नाही?”

सासरी आल्यापासून मला कुणी असं थेट काही विचारलं नव्हतं. मी रणधीरकडे पाहिलं. तो खरोखरच आठवत होता. त्याला माहीत नव्हतं.

“बाई,” मी म्हटलं, “खंडोबाला जाणं व्यायामात धरायचं का?”

“म्हणजे?”

“आदल्या दिवशी आम्ही कुलदैवताला गेलो होतो. टेकडीवर. नव्या नवरदेवानं बायकोला उचलून पायऱ्या चढायच्या असतात.”

“माहितीये. चार-पाच पायऱ्या. फोटो निघेपर्यंत.”

“हो. पण यांचे चुलतभाऊ म्हणाले, चार-पाच तर कुणीही चढतं. इंजेक्शनशिवाय काही उचललंय का आयुष्यात, डॉक्टर?”

बाईंचे डोळे बारीक झाले.

“मग?”

“मग हे थांबलेच नाहीत.”

“कुठपर्यंत?”

“देवळापर्यंत.”

बाईंनी हातातली शेंग परातीत टाकली.

“उन्हातून?”

“दुपार होती.”

“पाणी?”

“दर्शन झाल्याशिवाय पाणी प्यायचं नाही, असं आईंनी सांगितलं होतं. दर्शनाला रांग होती.”

“आणि तू?” बाईंनी मला विचारलं. “तू म्हणाली नाहीस, की ठेव खाली?”

“मी तीनदा म्हटलं. पण सगळे येळकोट येळकोट ओरडत होते. कुणाला ऐकू गेलं नाही. भंडारा इतका उधळला होता की यांचं तोंडही मला दिसत नव्हतं.”

माझं वजन बाईंनी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. पण त्यांनी एकदा मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, आणि मग त्या हसायला लागल्या. परातीतल्या शेंगा घरंगळल्या.

रणधीर हसला नाही. तो हळूहळू ताठ बसत होता.

“श्रमानं...” तो स्वतःशी म्हणाला. “खूप श्रम झाले, अंगातलं पाणी कमी झालं की अल्ब्युमिन लघवीत उतरतं. रक्ताच्या पेशीही. पळणाऱ्यांच्या लघवीत...”

“कुणी शिकवलं?”

“तुम्हीच.”

“परीक्षेत लिहिलं होतंस. मला आठवतं. अक्षर चांगलं होतं.”

“मग मला काही झालेलं नाही!”

“असं मी म्हटलं नाही.”

रणधीर पुन्हा वाकला.

“हे एक कारण झालं,” बाई म्हणाल्या. “तेच कारण आहे का, ते बघावं लागेल. वडिलांचा इतिहास आहे. थट्टेवारी नाही न्यायचं. दोन-तीन दिवस आराम कर. तहान लागेल तसं पाणी पी. मग सकाळी उठल्यावरची पहिली घे. सुरुवातीची जाऊ दे, मधली धर. ताजी असतानाच इथे घेऊन ये. तेव्हाही अल्ब्युमिन उतरत असेल तर रक्तदाब, रक्तातलं क्रिएटिनिन, सोनोग्राफी, आणि माझ्याकडे न येता किडनीच्या डॉक्टरकडे.”

“आज रात्रीच पुन्हा एक...”

“नाही.”

“फक्त मनाच्या समाधानासाठी...”

“रणधीर, मनाच्या समाधानाचं मशीन आलंय का बाजारात?”

त्यानं चिठ्ठीची घडी घालून ती खिशात ठेवली.

पुढचे दिवस आमच्या घरात काही हललं नाही. रणधीर खुर्ची सरकवेना, कुकर उतरवेना, चपलासुद्धा वाकून घेईना. आईंना वाटलं, लग्नानं पोरगा सुधारला, शांत झाला. मला म्हणाल्या, “तुझ्या पायगुणानं हो.” मी मान डोलावली. पायगुणाचं खरं होतं म्हणा; मी पाय जमिनीला टेकवले असते तर हे काही झालं नसतं.

दुसऱ्या रात्री झोपताना तो म्हणाला, “त्या माहेरच्या बोलण्याचं मनावर घेऊ नकोस.”

“कुठल्या?”

“मी बाईंसमोर बोललो ते.”

“मी तेव्हा शेंगा मोजत होते,” मी म्हटलं.

मग अंधारात त्याचा हात माझ्या चुड्यावर आला आणि तिथेच राहिला.

ठरल्या सकाळी आम्ही बाटली घेऊन पूल ओलांडून गेलो. बाटली माझ्या पर्समध्ये होती. नव्या नवरीच्या पर्समध्ये काय असतं, याची वाटेत भेटलेल्या दोघीतिघींना उत्सुकता होती. मी पर्स घट्ट धरली.

बाईंनी टेबलावर लघवी तपासायची पट्टी काढून ठेवली होती. त्यांचा जुना मायक्रोस्कोप झाकण काढून तयार होता.

“तू कर,” त्या रणधीरला म्हणाल्या.

“तुम्ही बघा ना, बाई.”

“कर.”

त्यानं पट्टी बुडवली. बाहेर काढली, कडेला टेकवून निथळू दिली. मग डोळे मिटून घेतले.

“डोळे मिटून रंग दिसतो का रे?”

“शर्वरी, तू सांग.”

मला त्यातलं काय कळणार. मी पट्टी डब्यावरच्या रंगांशी धरून पाहिली. अल्ब्युमिनचा चौकोन पिवळाच होता. मशीनच्या पूजेत वाहिलेल्या हळदीइतका नाही, पण पिवळा. हिरवट झाला असता तर वाईट, एवढं मी त्या दिवसांत वाचून ठेवलं होतं.

“पिवळा,” मी म्हटलं. “रक्ताचाही पिवळाच.”

त्यानं डोळे उघडले. पट्टी माझ्या हातातून ओढून घेतली. खिडकीशी नेली. परत आणली.

“आता इथे बघ,” बाई म्हणाल्या.

थोडी लघवी यंत्रात फिरवून तळाचा थेंब त्यांनी काचेवर घेतला होता. रणधीर मायक्रोस्कोपवर वाकला. काच सरकवत राहिला... डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे.

“काय दिसतंय?”

“काही नाही.”

“नीट बघ.”

“बघतोय.”

“घाई करू नकोस.”

“बाई... खरंच काही नाहीये.”

त्यानं डोळा काढला नाही. तसाच वाकून राहिला. काचेवर काही नव्हतं तरी तो पाहत होता. थोड्या वेळानं त्याचे खांदे हलायला लागले. मला आधी वाटलं हसतोय. मग मी खिडकीबाहेर पाहायला लागले. त्याच्या बाईंसमोर त्याला तेवढा एकांत द्यावा असं वाटलं.

बाहेर नदीवर कुणीतरी गोधडी आपटत होतं.

रणधीर सरळ झाला. नाक पुसलं. खिशातून ती पहिली चिठ्ठी काढली, चार दिवस बाळगून मऊ पडलेली. दोन्ही हातांनी धरली. फाडणार, तेवढ्यात बाईंनी त्याचं मनगट धरलं.

“का फाडतोस?”

“खोटी निघाली ना.”

“एक अक्षर खोटं नाही तिच्यात.”

“मग आजचं खोटं?”

“तेही खरं. ती त्या दिवसाची, ही आजची.”

“बाई, दोन्ही कसं खरं असेल? मी आजारी होतो का नव्हतो?”

बाईंनी ती चिठ्ठी त्याच्या हातातून घेतली. आजची पट्टीही घेतली. दोन्ही खिडकीच्या फळीवर ठेवली आणि वर चष्म्याचं घर ठेवलं. मायक्रोस्कोपचा दिवा बंद केला. मग खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसल्या, इतक्या जवळ की त्याला मान वर करावीच लागली.

“हं, बोल,” त्या म्हणाल्या. “काय होतंय तुला?”