तेउराची खाच

ताहुरेवा बेटावर वाळू उकरताना संशोधकांना शिंपल्याचे प्राचीन गळ सापडले. प्रत्येकाच्या वळणावर आतून एक बारीक खाच होती. गळ मुद्दाम कमजोर कोण करील, हे त्यांना उलगडेना. खड्ड्याच्या काठावर बसलेले म्हातारे रोआतिनी हसले. "तुमची मोजमापं चालू द्या," ते म्हणाले, "तेउराची गोष्ट मी सांगतो."

गळ कोरण्यात तेउराच्या हाताला म्हणे तोड नव्हती, आणि तोऱ्यालाही. "माझा गळ मोडला तर नाव बदलीन," म्हणायची. एकदा तिने एकाच जाड शिंपल्यातून दोन गळ कोरले. एक नवऱ्याला, मानुआरीला, दिला आणि दुसरा स्वतःच्या गळ्यात बांधला. तिच्या भरवशावर त्याने दोर होडीच्या दांड्यालाच आवळला.

खडकांच्या रांगेपलीकडे मासा लागला तेव्हा काठावर सगळे आनंदले. मग होडी उलट्या दिशेने चालू लागली. मानुआरीची सुरी पहिल्याच हिसक्यात पाण्यात गेली होती, आणि उडी मारावी तर भोवती शार्क. तो मासा त्याला खोल समुद्रात ओढत होता, आणि गळ काही मोडत नव्हता.

तेउरा काठावरून पाहत होती. गळ तिचाच होता; तो मोडणार नाही, हे तिच्याइतके कोणाला ठाऊक?

ती गुडघाभर पाण्यात शिरली. "समुद्रा, माझं चुकलं. यापुढे प्रत्येक गळात तुझी जागा ठेवीन, पण माझ्या नवऱ्याला सोड." हा मोडला तर तोही मोडेल, या आशेने गळ्यातला जोडीचा गळ काढून तिने दगडाने ठेचला. ओरखडाही उठला नाही. मग ती प्रवाळाची कानस घेऊन त्याच्या वळणावर घासू लागली. कानस निसटून बोटे सोलली. होडी नारळाएवढी दिसू लागली, मग सुपारीएवढी. सासूने टाहो फोडला. तेउराने मान वर केली नाही, कारण तेवढ्या वेळात आणखी दोनदा घासून झाले असते. आयुष्यात पहिल्यांदाच ती स्वतःच्या कारागिरीला शिव्या देत होती.

होडी दिसेनाशी झाली आणि हातातला गळ कट्कन मोडला.

सूर्य कलताना मानुआरी वल्हे मारत परतला. दोराच्या टोकाला अर्धाच गळ होता. तोही वळणावरच मोडला होता, असे सांगतात.

एका संशोधक बाईने सापडलेल्या गळांच्या पेटीतला एक अर्धा तुकडा उचलला. त्यावर घासल्याच्या वाकड्यातिकड्या, घाईच्या रेघा होत्या. तिने तो हळूच परत ठेवला.

आजही ताहुरेवात नवऱ्याच्या हाती गळ देण्याआधी बायको त्याच्या वळणावरून नख फिरवते. नख खाचेत अडले, तरच होडी सुटते.