पडणं आणि रडणं यांच्या मधे

“...पण अव्वा, मी हिच्यावर कधी आवाजसुद्धा चढवला नाही. मग ही एवढी भित्री झाली कुठून?”

ऋजुता एका दमात बोलली. कडेवरच्या तीन वर्षांच्या गार्गीने तिची ओढणी मुठीत गच्च धरली होती.

गावाबाहेरच्या त्या मठात पार्वताव्वा एकट्याच राहत. भ्यालेल्या पोरांना त्या काळा दोरा बांधत आणि पोर निवतं, असं आसपासची सगळी गावं सांगत. ऋजुताला हे पटणारं नव्हतं. कॉलेजात ती बालमानसशास्त्र शिकली होती.

पण सोमवारी गार्गीला पुन्हा बालवाडीत सोडायचं होतं. मागच्या खेपेला पोर रडून रडून निळी पडली, आणि बाई म्हणाल्या, “हिला कुणाला तरी दाखवा.” तेव्हापासून ऋजुताच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता.

अव्वांनी वळूनही पाहिलं नाही. दोऱ्याचं टोक भिंतीतल्या खुंटीला अडकवून त्या पीळ भरत बसल्या होत्या. तोंड भिंतीकडे, पाठ अंगणाकडे.

“पुस्तकं लई वाचलीस म्हणं?”

“हो... बरीच.”

“मग दोरा कशाला गं?”

“सासूबाई म्हणाल्या...” ऋजुता अडखळली. “नाही. मीच आले.”

“हां. आत्ता बोललीस. उतरव तिला खाली.”

“अंगणातली फरशी ओली आहे, अव्वा. पडेल ना!”

“रोजच धुते मी. उतरव.”

गार्गी पायाला चिकटून राहिली. एवढ्यात बेलाच्या बुंध्यापाशी एक खार आली, दोन पायांवर उभी राहिली. ओढणी मुठीतून हळूच सुटली. पोर धावली...

धप्प!

आणि मग भोकाड.

ऋजुता धडपडत गेली, तिला उचललं, गुडघ्यावर फुंकर घातली. साधं खरचटलंही नव्हतं.

“पडली ते ऐकलं,” अव्वा भिंतीकडे बघत म्हणाल्या. “रडली तेही ऐकलं. मधे काय झालं?”

“मधे? काहीच नाही.”

“झालं की. मला ऐकू आलं नाही, म्हणजे बघण्यासारखंच असणार. मला पाठीला डोळे नाहीत बाई. तू बघ.”

ऋजुताला हसावं की चिडावं कळेना.

खार पुन्हा आली. गार्गी पुन्हा निघाली. या वेळी ऋजुता डोळ्यांत प्राण आणून बघत राहिली.

धप्प!

पोर पालथी पडली. मान वर केली. गुडघ्याकडे नाही, हाताकडे नाही... तिने सरळ आईच्या तोंडाकडे पाहिलं. शांतपणे. डोळे हळूहळू फिरत होते, भुवयांवर, ओठांवर, काहीतरी शोधल्यासारखे.

आणि ऋजुताला एकदम स्वतःचा हात दिसला. तो केव्हाच छातीशी गेला होता. थेट आपल्या आईचा जायचा तसा. तोंड उघडं पडलं होतं.

समोर ते चिमुकलं तोंडही तसंच उघडलं.

मग रडणं आलं.

ऋजुताला जागचं हलता येईना. गार्गीच रडत रडत तिच्याकडे आली.

“अव्वा...” ऋजुता म्हणाली. “ती माझ्याकडे बघते.”

“काय बघते?”

“किती लागलंय ते.”

अव्वांचे हात थांबले. बेलाची पानं तेवढी हलत होती.

“इकडं ये. माझ्याशेजारी बस, भिंतीकडे तोंड करून. पीळ सुटू देऊ नको, धर.”

ऋजुताने दोरा धरला. पाठीमागे इवल्या पावलांची पटपट...

धप्प!

तिने डोळे घट्ट मिटले.

काही नाही.

अजूनही काही नाही. एवढी मोठी शांतता तिने आयुष्यात ऐकली नव्हती.

मग हात झटकल्याचा बारीक आवाज. आणि अगदी तक्रारीच्या सुरात, “खालूताई, थांब की गं!”

पावलं पुन्हा धावू लागली. ऋजुताच्या गालांवरून पाणी ओघळत होतं आणि तिला ते पुसायचंही भान नव्हतं.

किती वेळाने कोण जाणे, अव्वा म्हणाल्या, “हात पुढं कर.”

ऋजुताने हाक मारून गार्गीला जवळ घेतलं, तिचं मनगट पुढे केलं.

“तिचा नव्हे.”

अव्वांनी दोरा ऋजुताच्या मनगटाभोवती फिरवला आणि गाठ मारली. दुसरं टोक अजून खुंटीलाच होतं. मधे भरपूर दोरा उरला होता.

“हा... तोडायचा ना अव्वा?”

“आई आहे तुझी?”

“आहे. बार्शीला असते.”

“मग तोडू नको. ते टोक तिला बांध.”