अस्वलिणीचा गोड उपास

मुलांनो, घरातल्या एका थोरल्या माणसाच्या पायासाठी मी एकदा देवीला बोलले होते, की रोज दिवेलागणीला समईच्या उजेडात मोठ्यांचे तळपाय पाहीन. त्या व्रतात उपास नाही, नैवेद्य नाही. असे कसे हे व्रत, म्हणाल, तर या अस्वलिणीची गोष्ट ऐका.

डोंगराच्या पोटाशी मोहाच्या झाडांचे एक रान होते. तिथल्या कपारीत एक अस्वलीण राहत असे. स्वभावाने भाविक, पण जिभेला गोडाची ओढ भारी. अलीकडे तिला फार तहान लागे. ओढ्यावर पोटभर पाणी पिऊन परत येईतो घसा पुन्हा कोरडा. लघवीला उठून उठून झोपेचे खोबरे होई आणि अंगातली ताकद कुठे जाते तेच समजत नसे. "वय झालं आता," असे म्हणून ती ते सोडून देई.

एके सकाळी शेजारची साळू, ती अंगावर काटे वागवणारी, कपारीवरून जाताना थबकली. "अगं बाई, तुझ्या पावलात काय आहे ते?"

अस्वलिणीने पाय उचलून पाहिला. तळव्यात एक लांब काटा खोल रुतला होता आणि भोवती पू धरला होता.

"हा तर माझाच काटा," साळू चपापून म्हणाली. "गळून पडला त्याला पंधरवडा झाला असेल. इतके दिवस पायात घेऊन फिरतेस आणि तुला दुखलं नाही?"

"नाही हो. मुंगी चावल्याएवढंसुद्धा नाही." अस्वलिणीने हात जोडले. "देवीची कृपा म्हणायची."

साळूला यात कृपा दिसेना. पण दुसऱ्याच्या भक्तीत आपण कशाला तोंड घालायचे, म्हणून तिने काटा उपटून दिला आणि ती गप्प घरी गेली.

काटा निघाला, जखम मात्र भरेना. तेव्हा अस्वलीण लंगडत वडाखाली वनदेवीच्या शेंदरी दगडापाशी गेली. हा पाय गेला तर आपण ओढ्यापर्यंत जायचे कसे, खायचे काय, या धास्तीने ती नवस बोलली. "आई, माझा पाय राहू दे. ही जखम भरेपर्यंत मी उपास करीन. मुंगी नाही, वाळवी नाही, जीव म्हणून मारणार नाही. उपासाला चालतं तेवढंच खाईन."

आता उपासाला चालते काय? मध चालतो. मोहाची फुले चालतात. पिकली फळे आणि रानातली रताळी, तीही चालतात. अस्वलीण मनोभावे ते सारे खाऊ लागली.

"मावशी, काल पोळं, आज पोळं," फांदीवरून माकडीण म्हणाली. "असला उपास आम्हालाही सांगा की एखादा."

"तुझ्या जिभेला हाड नाही," अस्वलीण म्हणाली आणि बोटे चाटत पुढे गेली.

वारुळातल्या मुंग्यांना मात्र तो उपास मानवला. वारूळ उकरणारे तोंड बंद झाले होते. शिवाय अस्वलीण जिथे लघवीला बसे तिथली माती गोड लागे, म्हणून तिच्या पाठोपाठ मुंग्यांची काळी रांग निघे. ती रांग पाहून अस्वलिणीचा ऊर भरून आला. काळ्या मुंग्या दारी आल्या की लक्ष्मी येते, असे तिच्या आईने तिला सांगितले होते. तिने मुंग्यांच्या वाटेवर पळसाची फुले वाहिली, मधाचा थेंब ठेवला आणि डोके टेकले. "बायांनो, तुमची पावलं लागली. आता माझा पाय बरा होईल."

रांगेत सगळ्यात मागे एक म्हातारी मुंगी होती. मुंगीची उंची ती किती; तिच्या नजरेस रोज अस्वलिणीचा तळपायच पडे. बोटांची कड आधी निळसर झाली, मग काळी, हे तिने पाहिले होते. त्या दिवशी तिला मधाचा घास गिळवेना.

"मी सांगून टाकते तिला," ती म्हणाली.

"आजी, गप बसा," पुढची तरणी मुंगी फिसकारली. "तिचा उपास आहे तोवर आपण आहोत. सुटला की पहिलं आपलंच वारूळ उकरील."

"उकरील तर उकरील. माझ्यापुढे तिनं डोकं टेकलंय गं."

म्हातारी अस्वलिणीच्या कानापर्यंत चढली. "बाई, आम्ही लक्ष्मी नाही. गोड खायला येतो. तुमच्या अंगात इतकं गोड साठलंय, की ते लघवीवाटे उतू चाललंय. म्हणून ही तहान, म्हणून ही जखम भरत नाही. पाय दुखत नाही, कारण त्याची जाणीवच गेलीय. जरा वाकून बघा."

अस्वलीण रागावली. "मी काय वावगं खाल्लं? मध उपासाला चालतो."

"देवीला चालत असेल. पायाला चालतो का, ते पायाला विचारा."

अस्वलिणीने वाकून पाहिले. डोळ्यांपुढे धूसर होते, म्हणून नाक जवळ नेले, आणि त्या वासाने तिने तोंड फिरवले. मग ती हळूच म्हणाली, "पण व्रत मोडलं तर देवी कोपेल."

"देवीनं मध मागितला होता का?"

अस्वलिणीला आपलेच शब्द आठवले. "नाही," ती म्हणाली. "तो मीच निवडला."

तिने त्या दिवसापासून गोड सोडले. साळूने लाज वाटून रोज जखम धुऊन दिली. पाऊल राहिले, पण बोटे काळी पडून गळून गेली. डोळ्यांपुढची धूसरताही हटली नाही. झाडावर चढणे संपले. मग भूक अनावर झाली तेव्हा अस्वलीण वारुळापाशी आली. आत मुंग्या एकमेकींना चिकटून बसल्या होत्या. म्हातारी तेवढी तोंडाशी उभी होती.

"आत जा," अस्वलीण म्हणाली. "खिंडीपलीकडे वाळवी आहे. तिथवर जाईन मी खुरडत."

रोज संध्याकाळी मात्र ती परत येई आणि तळपाय वारुळापुढे ठेवी. म्हातारी त्यावरून चालत जाई आणि सांगे, "टाचेला खडा रुतलाय, काढा." किंवा, "आज काही नाही हो. झोपा निवांत."

एका पावसाळ्यानंतर म्हातारीचा आवाज आला नाही. अस्वलीण पाय पसरून बसून राहिली. काळोख दाटला. तळव्यावर काही चालले तरी तिला कळत नव्हते, म्हणून तिला वाटले, आता कुणी येणार नाही. तिने पाय आवरता घेतला, तोच टाचेकडून बारीक आवाज आला.

"थांबा बाई. कडेला चीर पडलीय, अजून कोवळी आहे. उद्या साळूकाकूंना दाखवा."

ती तरणी मुंगी होती. "आजी गेल्या," ती म्हणाली. "जाताना पाय तेवढा बघायला सांगून गेल्या."

अस्वलिणीने पाय पुन्हा पुढे केला.

तात्पर्य : दुखत नाही म्हणजे बरे आहे, असे समजू नये, आणि दुसऱ्याचे दुखणे ज्याला दिसते, त्याने आपले नुकसान होत असले तरी ते सांगावे. तेव्हा मुलांनो, आज दिवा लागला की तुम्हीही घरातल्या थोरल्यांचा तळपाय मांडीवर घ्या आणि नीट पाहा. काही दिसले तर अंगारा लावा हवा तर, पण त्यांना डॉक्टरांकडे घेऊन जा. एवढे एक व्रत माझ्यासाठी धरा.